गोल बैठक आणि सुशीचं गाऱ्हाणं

आमच्या घरात नारळ होते, आमसुलं होती, माळ्यावर भाताच्या मुड्या होत्या, पण मत नव्हतं. म्हणजे होतं ते एकट्या तात्यांना. बाकीच्यांना भूक असे, झोप असे, पडसं-खोकला असे. 'तुला काय वाटतं' असं कोणी कोणाला विचारत नसे. विचारलंच तर पोटात दुखतंय का, एवढ्यापुरतं. हे मी दोष देण्यासाठी लिहीत नाही असं म्हणायची आत्मचरित्रांत पद्धत आहे. मी दोष देण्यासाठीच लिहिते आहे. फक्त ज्यांना दोष द्यायचा त्या माणसांवर माझा फार जीव होता, म्हणून हे प्रकरण जरा लांबणार.

तात्या माझे थोरले काका. वडील मुंबईला गोदीत नोकरीला, गणपतीला यायचे, पाहुण्यासारखे राहायचे आणि जाताना आम्हा दोघी बहिणींच्या डोक्यांवर हात ठेवून तात्यांना म्हणायचे, "दादा, ह्यांका तुझ्या पदरात घातलंय." तात्यांना पदर नव्हता आणि बायकोही नव्हती. काकू मला आठवतसुद्धा नाही, इतकी लवकर गेली. त्यामुळे घर तात्यांचं, शेत तात्यांचं, आम्ही तात्यांच्या, आणि देवळातला मानही तात्यांचा. मान म्हणजे गाऱ्हाणं घालण्याचा. जत्रेच्या दिवशी सगळ्या गावाच्या वतीने देवापुढे उभं राहून जे काही मागायचं ते मोठ्याने मागायचं, आणि प्रत्येक मागण्यानंतर जमलेल्या गावाने एका आवाजात 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. तात्या एरवी हळू बोलत. चहा हवा असेल तर कपाकडे बघत. पण गाऱ्हाण्याला उभे राहिले की त्यांचा आवाज माडांच्या शेंड्यांपर्यंत जाई. मला तेव्हा वाटे की देव बहिरा आहे आणि आईला मात्र ऐकू येतं, म्हणून तात्या घरात हळू बोलतात.

सकाळ आमच्याकडे तारीच्या हाकेने होई. धोंडू तारी खाडीवर तर, म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी, चालवायचा. पहाट फुटली की तो बंदरावरून ओरडे, "तर सुटताऽऽ," आणि त्या हाकेमागोमाग मासळीवाल्या बायकांची पावलं आमच्या कुंपणापलीकडून धप् धप् जात. खाडीपलीकडे मालवणचा बाजार. पहिली तर गाठली तर मासळीला गिऱ्हाईक, नाहीतर मांजरं. घरात तोवर आईने चूल पेटवलेली असे, उकड्या तांदळाच्या पेजेचा वास परसापर्यंत पोचलेला असे, आणि दूर समुद्राचा तो घुमारा, जो आम्हाला कधी ऐकूच यायचा नाही. मुंबईला गेल्यावर पहिल्या रात्री मला झोप लागली नाही तेव्हा कळलं की जन्मभर काय ऐकत होते.

आणि सुशी. माझी मोठी बहीण. ती न बोलणारी होती. मुकी नव्हे, विचारलं तर उत्तर देई, पण कोणी विचारत नाही हे तिने फार लहानपणीच ओळखलं होतं आणि उगाच वाट बघण्यात वेळ घालवला नव्हता. ती वाचायची. बाजारातून गूळ ज्या कागदात बांधून यायचा तो कागद सरळ करून, गुळाच्या डागांखालची अक्षरं लावून वाचायची. सातवीच्या परीक्षेत ती केंद्रात पहिली आली. मास्तर पेढे घेऊन घरी आले, तात्यांनी त्यांना शहाळं दिलं, दोघांनी सुशीचं कौतुक केलं आणि तिथेच शिक्षण संपलं. हायस्कूल खाडीपलीकडे होतं. मुलगे तरीने जात. मुलगी अजून कोणाची गेली नव्हती. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा सुशी परसात कुळीथ पाखडत होती. पाखडताना तिने एकदाच बंदराकडे बघितलं. मी ते बघितलं आणि सूप लाथेने उडवलं. मार मला बसला, कुळीथ वेचावे लागले तिला.

त्याच पावसाळ्याच्या शेवटाला लीलाताई आल्या. मुंबईच्या एका धर्मादाय संस्थेच्या. खेड्यापाड्यांतल्या तरुण मुलामुलींनी एकत्र बसावं, आपल्या अडचणी आपण बोलाव्यात, आपण सोडवाव्यात, एवढंच त्या संस्थेचं म्हणणं. ती ना धान्य वाटायची, ना औषध. त्यामुळे ती संस्था आहे यावर गावाचा विश्वास बसेना. "वाटूक काय हाडलंस?" म्हाताऱ्यांनी ताईंना पहिल्या दिवशी विचारलं. ताई म्हणाल्या, "काही नाही." म्हातारे म्हणाले, "मगे इलंस कित्याक?" ताई दादरच्या, जाडंभरडं लुगडं, चष्मा, पायांत पुरुषी वहाणा. त्यांना मालवणी येत नव्हती आणि आम्हाला मालवणीशिवाय काही येत नव्हतं. पण शाळेच्या पुस्तकातली भाषा त्या तोंडाने बोलतात हे ऐकायलाच आम्ही आधी जमलो.

शाळेच्या पडवीत त्यांनी आम्हाला गोल बसवलं. आता गोल बसणं ही काय शिकवायची गोष्ट आहे का? आहे. आम्हाला पंगतीत बसता येत होतं, देवळात मानाप्रमाणे उभं राहता येत होतं, वर्गात मुलगे पुढे आणि मुली भिंतीला हेही येत होतं. गोलात आम्ही बसलो ते पंगतच वाकवून. पुजाऱ्यांचा बाळा ताईंच्या उजव्या हाताला बसला, त्याच्यानंतर खोतांकडचे, मग आम्ही, मग इतर. म्हणजे ताई जिथे तिथे गोलाचं डोकं. ताईंच्या ते लक्षात आलं. त्या उठल्या आणि समोरच्या बाजूला जाऊन बसल्या. आम्ही सगळे उठलो, पुन्हा मानाप्रमाणे फिरून बसलो. ताई पुन्हा उठल्या. आम्ही पुन्हा फिरलो. पडवीतला तो गोल जात्यासारखा फिरत होता आणि ताई चष्मा पुसत हसू दाबत होत्या. शेवटी त्या म्हणाल्या, "मी आता बाहेर पायरीवर बसते. तुम्हीच सांगा, मान कुठे आहे." बाळा बराच वेळ गोलाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "हरावलो." तेव्हा कुठे आम्ही बसलो.

मी आज मोठाल्या हॉटेलांत भरणाऱ्या शिबिरांना जाते. रंगीत कार्डं असतात, गार हवा असते, मध्ये चहाला बिस्किटं असतात आणि गट कसा चालवावा यावर तासभर भाषण असतं. भाषण! गट कसा चालवावा यावर एकट्याने तासभर! मी उठून तसं बोलून दाखवते, म्हणून हल्ली मला बोलावणं कमी झालं आहे. असो.

ताईंचे नियम दोनच होते. एकदा बोललेल्याने सगळे बोलून झाल्याशिवाय पुन्हा बोलायचं नाही, आणि ताईंना विचारलेल्या प्रश्नाला ताई उत्तर देणार नाहीत. "ताई, विहिरीवर रहाट बसवूया काय?" "तुमचं काय मत?" "ताई, हो माका चिमटे काढता." "तुमचं काय मत?" गावात त्यांचं नावच 'तुमचंकायमत' पडलं. पहिला नियम मला फाशीसारखा वाटे. मला सगळ्या विषयांवर सगळं एकदम बोलायचं असायचं. ताईंनी माझी सोय लावली: "तुला जे बोलायचं उरतं ते लिही." संस्थेची पत्रकं त्यांच्या पिशवीत असत, पिवळ्या कागदावर छापलेली, प्रत्येक ओळीच्या शेवटी उद्गारचिन्ह. मी ती पाठ केली. आयुष्यात मला दुसरी कुठली लेखनशैली आली नाही, आणि तशी गरजही पडली नाही.

ताई जेवायला पाळीपाळीने घरोघर जात. आमच्याकडे आल्या त्या दिवशी आईने बांगड्याची कढी केली होती, तिरफळं घालून, आणि वर सोलकढी. ताई हातावर सोलकढी घेऊन पीत होत्या, ती मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होती आणि आई तोंडाला पदर लावून हसत होती. मग ताई सहज म्हणाल्या, "वहिनी, सुशीच्या शाळेचं तुम्हाला काय वाटतं?"

आईचा हात कढीच्या डावावर तसाच राहिला. तिने आधी माजघराकडे बघितलं, जिथे तात्या पान जुळवत होते. मग म्हणाली, "माका? माका काय वाटताला?" आणि थोड्या वेळाने, भात वाढता वाढता, "बांगडो ताजो होतो म्हणान बरो झालो." पण त्या रात्रीपासून आई भांडी घासताना मध्येच थांबायची. मी विचारलं तर म्हणायची, "काय नाय गो, विचार करतंय." आमच्या घरात हे वाक्य नवीन होतं.

तरीचा प्रश्न गोलात मीच आणला. मुलींनी तरीने शाळेत का जायचं नाही? प्रत्येकाने आपापलं सांगितलं. बाळा म्हणाला, लोक नावं ठेवतील. कोणी म्हणालं, तारी हात धरून चढवतो. कोणी म्हणालं, मासळीचं पाणी कपड्यांवर सांडतं. सुशी माझ्या शेजारीच बसलेली होती. तिच्यापर्यंत पाळी आली की ती मान हलवी आणि पाळी पुढे जाई. ताई तिला कधी टोचत नसत. मी टोचत असे, कोपराने.

माझं उरलेलं बोलणं मी पत्रकात घातलं आणि देवळाच्या खांबाला भाताच्या खळीने चिकटवलं. 'गावातील वडीलधाऱ्यांनो! मुलींनी होडीत बसायचे नाही तर कोठे बसायचे? चुलीत? नवसाला बोकड कापता आणि मुलीचे भविष्यही कापता! धिक्कार असो!' त्यातलं एक अक्षरही मी आज मागे घेत नाही. तात्यांनी ते पत्रक सोडवून घरी आणलं, ओटीवर चार माणसं बसली असताना ते सबंध मोठ्याने वाचलं, उद्गारचिन्हांपाशी योग्य तिथे आवाज चढवून, आणि म्हणाले, "अक्षर बरा आसा. 'धिक्कार'मधलो क जरा आडवो झालो." मग ते घडी घालून खिशात ठेवलं. मला मारलं असतं तर मी हुतात्मा झाले असते. त्यांनी मला तीही संधी दिली नाही.

ताईंनी पत्रक वाचून एवढंच विचारलं, "पहिल्या तरीत कोण बसतं?" मासळीवाल्या. "त्या गोलात कुठे आहेत?" नव्हत्या. त्यांना बोलवायचं कोणाच्या मनातच आलं नव्हतं. आमच्या घरांत त्यांच्याकडून मासळी घेत, पण ओटीवर त्यांना बसा म्हणत नसत. हे लिहिताना आजही माझी मूठ वळते. पुढच्या बैठकीला जनाबाय आली, बरोबर आणखी दोघी. जनाबाय त्यांची म्होरकी, उंच, काळीसावळी, कासोटा घट्ट, आवाज वाऱ्यावर मापलेला. तिघी पडवीच्या बाहेर टोपल्या टेकून उभ्या राहिल्या. ताई म्हणाल्या, "आत या, बसा." जनाबाय म्हणाली, "बसाक वेळ नाय, आणि बसलंव तर तुमच्यातले अर्धे उठतले. उभ्यानच सांगतंय." बाळाने सरकून जागा केली. त्याने तशी केली म्हणून मी त्याला बाकीची सगळी वर्षं माफ केली. जनाबाय बसली.

"तर आमच्यासाठी थांबाची नाय, चेडवासाठी पण थांबाची नाय," ती म्हणाली; चेडू म्हणजे मुलगी. "भरती-ओहोटी कोणाच्या वेण्या घालून होयपर्यंत रवत नाय. येळेर इली तर येवंदे. तेका मधी बसवतंव, भोवतीन आमी. पाणी सांडला तर सांडतला, पाण्यान कोण मराक नाय. हात धरूचो तर मी धरतंय, धोंडूक वल्ह्याक हात पुरत नाय. आमची ना नाय. तुमच्या तात्यांका विचारा."

म्हणजे अडचण शेवटी एका माणसात येऊन उभी राहिली, आणि तो माणूस त्या वेळी माडाखाली बसून आम्हा दोघींसाठी झावळीच्या हिरांची केरसुणी बांधत होता.

मी आणि बाळा तात्यांकडे गेलो. ताई आल्या नाहीत. प्रश्न तुमचा, म्हणाल्या. मी पत्रकाच्या भाषेत सुरुवात केली. तात्यांनी मला बोलू दिलं. मग हिरांची गाठ आवळत म्हणाले, "मी नाय म्हणूक नाय. तू ऐकलंस काय माझ्या तोंडान नाय म्हटलेला?" खरंच, नव्हतं ऐकलं. "पण हो म्हणूचा तर एकट्यान म्हणूचा लागता. उद्या खाडयेत काय झाला, बाजारात कोण काय बोल्लो, तर माझ्या भावाक मी काय सांगू? तेणा पोरी माझ्याकडे सोपवल्यानी. तू पत्रक चिकटवन मोकळी होतंस. माका थंयच रवाचा आसा."

मी रागाने तांबडी झाले. मला त्यांच्याकडून दुष्टपणा हवा होता, त्यावर लिहिता आलं असतं. भीतीवर पत्रक कसं लिहायचं हे संस्थेने शिकवलं नव्हतं. आणि वेळ तर संपत आला होता. हायस्कूलचे हेडमास्तर आमच्या मास्तरांच्या ओळखीचे. दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडेल त्या दिवशी मुलगी वर्गात बसली तर नाव घालतो, म्हणाले होते. तो दिवस गेला की वर्ष गेलं, आणि वर्ष गेलं की सुशीला बघायला येणार होते कुडाळकडचे कोणी. नारळाची आणि सुपारीची बाग, मुलगा बरा, असं ओटीवर बोलणं सुरू झालं होतं.

त्रिपुरी पौर्णिमेला आमची जत्रा. जत्रेच्या आदल्या आठवड्यातली ती बैठक मला अजून दिसते. बाळा नखाने सारवण उकरतो आहे. ताई काही सुचवतील म्हणून सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत आहेत आणि ताई खाडीकडे. पाळी फिरली, कोणाकडे काही नव्हतं. सुशीपर्यंत आली. मी कोपर मारायचंही विसरले होते. आणि सुशी म्हणाली, "गाराण्यात घालूक सांगा."

ताईंना कळेना. आम्ही पाच-सहा जणांनी एकदम बोलत त्यांना गाऱ्हाणं म्हणजे काय ते सांगितलं, नियम मोडून. ताईंच्या कपाळाला आठी पडली. "म्हणजे देवाला मध्ये घालायचं?" मी तर उसळलेच. मी म्हटलं, हा तरुणांच्या विचारशक्तीचा अपमान आहे, आपण अंधश्रद्धेला शरण जाणार का, वगैरे. सुशीने मला पुरतं बोलू दिलं. ती कोणालाही पुरतं बोलू द्यायची. मग म्हणाली, "देवाक मधी नाय गो घालूचा. गावाक घालूचा. तात्या एकटे हो म्हणूचे नाय. तेंका भिया वाटता. सगळ्यांनी म्हटला तर तेंच्या एकट्यार येवचा नाय." आणि जरा थांबून, "परवानगी मागा नको. राखण मागा. शाळेत जाणाऱ्या चेडवांची राखण कर, इतक्याच."

ताईंनी चष्मा काढला, पुन्हा घातला. "तुमचं काय मत?" त्या म्हणाल्या, पण या वेळी त्यांना खरंच माहीत नव्हतं म्हणून विचारलं असावं. मीच काय ती विरोधात होते. तसं त्यांनी नोंदवूनही घेतलं.

तात्यांना सांगितलं सुशीनेच, पेज वाढताना. मी दाराआड. "तात्यांनू, ह्या वर्षाच्या गाराण्यात शाळेत जाणाऱ्या चेडवांची राखण मागशात?" तात्यांनी पेजेत मीठ टाकलं, ढवळलं, फुंकर घातली. सुशी उभीच. "राखण मागाक काय," ते शेवटी म्हणाले, "रानातल्या गुरांची मागतंव. चेडवांची नको कित्याक." आणि पेज प्यायले. त्यांना समजलं होतं की नव्हतं, यावर सुशीचं आणि माझं आजही फोनवर भांडण होतं. ती म्हणते, समजलं होतं. मी म्हणते, तात्या इतके धूर्त नव्हते. ती म्हणते, "तू तेंका कधी पत्रकाशिवाय बघलंसच नाय."

जत्रेला खाज्याचे ढीग लागले, खटखट्या लाडवांच्या दुकानापुढे पोरं चिकटली, चाकरमानी नव्या कोऱ्या धोतरांत फिरू लागले. उन्हं कलली तेव्हा गाव देवळापुढे जमलं. मानकरी सभामंडपात, मग बाकीचे, बायका बाजूला, आणि अंगणाच्या कडेला, पायऱ्यांखाली, मासळीवाल्या आणि त्यांची माणसं; तिथपर्यंतच यायची त्यांना मुभा. ताई बायकांत उभ्या होत्या, डोक्यावरून पदर घेऊन, अवघडून.

तात्या पुढे झाले. "बा देवा म्हाराजा," असा आवाज उठला. गाव पिकूदे. "व्हय म्हाराजा." जे कोण मुंबैक पोटासाठी गेले आसत, तेंका धड ठेव. "व्हय म्हाराजा." गुरांढोरांवरची पिडा दूर कर. "व्हय म्हाराजा." माणसं अर्धं लक्ष दुकानांकडे ठेवून म्हणत होती, जशी दर वर्षी म्हणतात. होडयेवाल्यांका दर्याचो त्रास होवंदे नको. "व्हय म्हाराजा." मग तात्या थांबले. गाऱ्हाण्यात तात्या कधी थांबत नसत. त्यांनी ओठ ओले केले. माझ्या शेजारी सुशीने माझं मनगट धरलं ते इतकं घट्ट की बांगडी पिचली.

"आणि म्हाराजा," तात्या म्हणाले, आवाज माडापर्यंत जाईना, पण गेला तितका गेला, "आमच्या घरातली चेडवां, कोणाचीय चेडवां, आता तरीन पलीकडे शाळेत जातली. तेंका बऱ्यान ने, बऱ्यान हाड."

लोकांच्या तोंडात 'व्हय' तयार होतं, ते तिथेच अडकलं. सभामंडपातले मानकरी एकमेकांकडे बघू लागले. तात्यांची पाठ मला दिसत होती, उघडी, खांद्याशी घामाने चकचकणारी, आणि ती पाठ इतकी एकटी मी कधी बघितली नव्हती. त्या क्षणी माझा सगळा राग कुठे गेला कोण जाणे. मला ओरडायचं होतं आणि आवाज फुटेना. मला. आयुष्यात पहिल्यांदा.

आवाज आला तो खालून, पायऱ्यांखालून. "व्हय म्हाराजा." जनाबाय. वाऱ्यावर मापलेला तो आवाज. तिच्यामागून तिच्या बायका. मग बाळा, पुजाऱ्यांच्या रांगेतून, किरट्या आवाजात. मग बायकांतून, माझ्या डाव्या कानाशी, कोणीतरी. वळून बघितलं तर आई. आणि मग सगळं गाव, जरा उशिरा, जरा विस्कटलेलं, पण सगळं. "व्हय म्हाराजा." तात्यांनी मोठा श्वास घेतला आणि पुढे पावसापाण्याचं मागायला लागले.

दुसऱ्या दिवशी धोंडू तारी ओटीसमोर येऊन उभा राहिला. "चेडू कधीपासून येताला?" तात्यांनी त्याच्याकडे, मग माझ्याकडे, मग आढ्याकडे बघितलं. "देवाक सांगान झाला," ते म्हणाले. "आता नाय धाडला तर देवाकडे खोटा पडाचा." मानकऱ्यांपैकी दोघे कुरकुरले. पण त्यांनीही 'व्हय' म्हटलं होतं, आणि शेजाऱ्यांनी ते ऐकलं होतं. कुडाळकडच्यांना निरोप गेला, मुलगी सध्या शाळेत जाते.

शाळा उघडण्याच्या दिवशी आम्ही सगळे बंदरावर. आईने सुशीला केळीच्या पानात घावणे बांधून दिले होते, आणि तात्यांनी नव्या चपला. रेतीत त्या आधी हातातच घ्याव्या लागल्या. जनाबायने होडीतून हात पुढे केला. "चड गो. मधी बस, हालू नको. टोपलेक पाय लावलंस तर बुडवतंय." सुशी चढली. मासळीवाल्यांच्या घोळक्यात तिची वेणी तेवढी दिसत राहिली. धोंडूने वल्हं टाकलं. मी घोषणा तयार ठेवल्या होत्या, 'तरुण एकजुटीचा विजय असो,' वगैरे. देणारी मी एकटीच निघाले, म्हणून एकच दिली. ताई काठावर माझ्याहून मागे उभ्या होत्या आणि काहीच बोलत नव्हत्या, नेहमीप्रमाणे.

होडी मध्यावर गेली. सुशीने मागे वळून बघितलं नाही. तिथून पलीकडे टेकेपर्यंत एकदाही नाही. मला ते फार लागलं. एवढं आम्ही केलं आणि हिला एकदा मान वळवता येत नाही? मी आईला तसं म्हटलं, मोठ्याने, रागाने.

आई पाण्याकडेच बघत होती. "बघू नको म्हणान मीच सांगलंय तेका," ती म्हणाली. "तिना बघल्यान असता तर माका रडाक इला असता. आणि मी रडलंय असतंय तर भावजींनी होडी परत बोलावल्यानी असती." तिने हनुवटीने बाजूला दाखवलं. तात्या गुडघाभर पाण्यात उभे होते, धोतराचा सोगा भिजत होता, आणि दोन्ही हात तोंडाशी नेऊन ते हाक मारायच्या तयारीत होते. मारली मात्र नाही. होडी पलीकडे लागली, चपला हातात घेतलेली एक आकृती चढण चढून दिसेनाशी झाली, तरी ते तसेच उभे. शेवटी आईच पाण्यात उतरली, त्यांच्यापासून चार हातांवर थांबली आणि म्हणाली, "चला भावजी. ती सांजेक येताली."